पर्ल स्ट्रीट दिसतंय का?

न्यूयॉर्कमध्ये कुणी ‘एनवायसी मेश’कडे इंटरनेटची जोडणी मागितली की त्याला सगळ्यात आधी स्वतःच्या गच्चीवर जायला सांगतात. चारी दिशांचे फोटो काढा, कठड्यापलीकडचं क्षितिज नीट येऊ द्या आणि पाठवा. घरात माणसं किती, वेग किती हवा, हे सगळं नंतर. तुमच्या गच्चीवरून आमची एखादी गच्ची दिसते का, एवढंच आधी पाहायचं असतं. दिसत असेल तर तिथे एक डिश बसते आणि तुमचं घर या जाळ्यात येतं. या जाळ्याचा मालक कुणी नाही. ज्यांच्या गच्च्या आहेत आणि जे त्या गच्च्यांवर चढतात, त्यांचंच ते आहे.

मी या कामात आले ती 2020च्या टाळेबंदीनंतर. त्या वर्षीच्या जानेवारीत शहराने आपला इंटरनेट मास्टर प्लॅन जाहीर केला होता. घरात ब्रॉडबँड नाही आणि मोबाइलवरही इंटरनेट नाही, असे 15 लाखांहून अधिक लोक या शहरात आहेत, असं त्यात म्हटलं होतं. दोनच महिन्यांत शाळा बंद पडल्या आणि वर्ग पडद्यावर गेले. जॅक्सन हाइट्समध्ये, आमच्या भागात, बंद ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर वाय-फाय पकडायला बसलेली मुलं मी पाहिली. कोट घालून, मांडीवर वही घेऊन. जगातल्या सगळ्यात श्रीमंत शहरांपैकी एकात राहून हे पाहणं मला सोसवलं नाही. पुढे निर्बंध सैल झाले, गच्चीवरची कामं पुन्हा सुरू झाली, तशी मी स्वयंसेवकांच्या यादीत नाव घातलं.

एका शनिवारच्या कामाबद्दल सविस्तर सांगते, कारण या कामातलं जवळजवळ सगळं त्यात आलं. इमारत लोअर ईस्ट साइडला, डिलॅन्सी स्ट्रीटजवळ. सहा मजले, लिफ्ट नाही, स्थलांतरितांसाठी शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी बांधलेली. आम्ही तिघं होतो. प्रमुख म्हणून एक अनुभवी बाई, दुसरी मी, आणि तिसरा नागपूरहून शिकायला आलेला एक मुलगा. तो मला ताई म्हणतो आणि सगळ्यात जड पिशवी न विचारता उचलतो.

गच्चीची किल्ली सुपरकडे असते. इमारतीची देखभाल करणाऱ्या माणसाला इथे सगळे सुपरच म्हणतात. हे डॉमिनिकन गृहस्थ साठीच्या पुढचे. घरमालकाने परवानगी दिली होती, पण घरमालक काही पाऊस पडल्यावर बादल्या घेऊन धावत नाही. म्हणून त्यांचा पहिला प्रश्न होता, “भोकं पाडणार का?” रास्त प्रश्न आहे. इथल्या सपाट गच्च्यांवर डांबरी थर असतो आणि वरून उन्हाला थोपवणारा रुपेरी रंग. त्यात एक स्क्रू गेला तर पाणी कुठून आत शिरेल आणि कुठल्या मजल्यावर उतरेल याचा नेम नसतो. आमच्या प्रमुख बाईंनी त्यांना वर नेलं आणि लोखंडी स्टँड दाखवला. खाली रबरी चटई, तिच्यावर स्टँड, आणि स्टँडच्या चौकटीत सिमेंटचे ठोकळे. वाऱ्याला पुरून उरतो तो वजनावर, गच्चीला नखसुद्धा लागत नाही. सुपरनी एक ठोकळा स्वतः उचलून वजन पाहिलं, मग मान हलवली. परवानगीचा कागद घरमालकाने सही केलेला होता, पण खरी परवानगी मिळाली ती त्या क्षणी.

नैर्ऋत्येला, ब्रुकलिन ब्रिजच्या अलीकडे, 375 पर्ल स्ट्रीटची उंच इमारत आहे. 1970च्या दशकात टेलिफोन कंपनीने एक्स्चेंजसाठी बांधलेली. तेव्हा आत माणसांपेक्षा यंत्रंच जास्त, म्हणून खिडक्या जवळजवळ नव्हत्याच. नंतर तिचं डेटा सेंटर झालं. मेशचा पहिला सुपरनोड, म्हणजे मोठ्या इंटरनेटला जोडणारा नाका, त्याच इमारतीत बसवला आहे. तिथल्या अँटेना खालच्या शेकडो गच्च्यांकडे तोंड करून असतात. म्हणूनच गच्चीचा दरवाजा उघडताच आमच्यापैकी कुणी ना कुणी विचारतंच, “पर्ल स्ट्रीट दिसतंय का?”

दिसत होतं, पण कडेने. त्याच दिशेला, वाटेत जवळजवळ मधोमध, चायनाटाउनमधली कन्फ्यूशियस प्लाझाची 44 मजली तपकिरी इमारत उभी आहे. तिच्या कोपऱ्याला लागून पर्ल स्ट्रीटचा माथा दिसत होता. नुसतं डोळ्याला दिसणं पुरत नाही. रेडिओलहरी दोरीसारख्या सरळ रेषेत जात नाहीत, त्यांना रेषेभोवती मोकळी जागा लागते. हा भाग दोन्ही टोकांशी निमुळता आणि मध्ये फुगीर असतो. त्याला फ्रेनेल झोन म्हणतात. सव्वा किलोमीटरच्या अंतराला 5 गिगाहर्ट्झवर मधोमध ही त्रिज्या चार मीटरहून थोडी जास्त भरते. तेवढ्यात विटांचा कोपरा घुसला की जोडणी होते, पण रडतखडत चालते. आम्ही स्टँड गच्चीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला नेत पाहिला. पूर्वेकडच्या कठड्याशी गेल्यावर दोन इमारतींच्या मध्ये आकाशाची चांगली रुंद पट्टी दिसायला लागली. तिथेच ठोकळे रचले.

झाडांचंही असंच असतं, ही गोष्ट नव्या माणसाला आवर्जून सांगावी लागते. हिवाळ्यात निष्पर्ण फांद्यांमधून उत्तम चालणारा दुवा मे महिन्यात पालवी फुटली की मान टाकतो. पानांतलं पाणी लहरी पिऊन टाकतं. म्हणून जानेवारीतला फोटो पाहतानाही त्या झाडाला पानं आहेत असं धरूनच चालायचं.

उपकरणांची बांधणी मात्र वर सुरू होत नाही. ती आम्ही जोडणी मागितलेल्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात, स्वयंपाकघरातल्या टेबलावर आधीच उरकली होती. दोन वस्तू होत्या. एक मिक्रोटिकची ओम्नीटिक. पांढरा, चपटा डबा. चहूबाजूंना वाय-फाय फेकते आणि तीच इमारतीची राउटर. दुसरी युबिक्विटीची लाइटबीम, लहान डिश, एकाच दिशेला नेम धरणारी. आधी दोन्हींचं फर्मवेअर अद्ययावत करायचं, मग त्यात मेशची मांडणी चढवायची. प्रत्येक जागेला एक नोड क्रमांक मिळतो आणि पत्ता त्या क्रमांकातूनच निघतो. समजा क्रमांक 1234 असेल, तर पत्ता 10.69.12.34. ही पद्धत मला फार आवडते. भर पावसात, बंद पडलेल्या गच्चीवर उभं असताना क्रमांक आठवला की पत्ता आठवतो, वही शोधावी लागत नाही.

ओम्नीटिक चालू झाली की शेजारच्या राउटरांशी बोलायला लागते. मला कोण कोण ऐकू येतंय, त्यांच्यापर्यंत जायला किती ‘कॉस्ट’ पडते, हे सगळे एकमेकांना सांगत राहतात. ओएसपीएफ नावाची पद्धत त्यातून कमीत कमी कॉस्टची वाट निवडते. एखादी गच्ची बंद पडली, तर काही वेळात दुसरी वाट धरली जाते. कुणी बटण दाबावं लागत नाही. 2012च्या ऑक्टोबरात सँडी वादळ आलं, तेव्हा ब्रुकलिनच्या रेड हुक भागात तिथल्या एका सामाजिक संस्थेने उभारलेलं असंच छोटं जाळं टिकून राहिलं होतं. वादळानंतर त्याला उपग्रहाचा दुवा जोडण्यात आला आणि वीज नसलेल्या वस्तीतले लोक त्यावरून नातेवाइकांशी बोलले, मदतीसाठी अर्ज केले. एका नळावर अख्खी वस्ती अवलंबून असू नये, हे या सगळ्यामागचं साधं सूत्र आहे.

वायर हा या कामाचा सगळ्यात दुर्लक्षित भाग, आणि माझा सगळ्यात लाडका. उन्हाने न तडकणारी, आत धातूचं कवच असलेली वायर. तिच्यातूनच वीज वर जाते आणि तिच्यातूनच इंटरनेट खाली येतं, त्यामुळे गच्चीवर प्लग लागत नाही. टोकाचं आवरण सोलायचं, पिळलेल्या चार जोड्या उलगडायच्या आणि आठ तारा ओळीने लावायच्या. नारिंगी-पांढरी, नारिंगी, हिरवी-पांढरी, निळी, निळी-पांढरी, हिरवी, तपकिरी-पांढरी, तपकिरी. बोटं गारठलेली असतात, हातमोजे घालून हे होत नाही. तारा अंगठा आणि तर्जनीत दाबून सरळ करायच्या, एका रेषेत कापायच्या, कनेक्टरमध्ये सरकवायच्या. पुढच्या पारदर्शक टोकाशी आठही तांब्याचे ठिपके दिसले पाहिजेत. मगच दाबायचं. डब्यात शिरण्याआधी वायरीला खाली एक झोळ द्यायचा, म्हणजे पाणी वायरीवरून ओघळत आत न जाता त्या झोळावरून गळून जातं. हा झोळ मी दुसऱ्यावर सोपवत नाही.

गच्चीवरून घरांपर्यंत वायर उतरवायची ती डक्टमधून. या इमारतींच्या पोटात असलेल्या या अरुंद बोळाला इतिहास आहे. प्रत्येक खोलीला खिडकी हवी, असा कायदा 1879मध्ये झाला. घरमालकांनी तो पाळला, पण दोन इमारतींच्या मध्ये हात पोचेल एवढीच फट ठेवून. त्या फटीतून उजेड कधी फारसा आला नाही, कचरा आणि वास मात्र आला. आता आम्ही त्याच फटीतून वायर सोडत होतो आणि तिसऱ्या मजल्यावरच्या चिनी आजी स्वयंपाकघराच्या खिडकीतून हात बाहेर काढून ती पकडायला उभ्या होत्या. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, आम्हाला त्यांची भाषा येत नव्हती. नातू मध्ये उभा राहून वरचं खाली आणि खालचं वर पोचवत होता. वायर हातात आल्यावर त्यांनी ती सोडली नाही. आम्ही खाली येईपर्यंत मनगटाला एक वेढा देऊन धरून ठेवली होती.

मग नेम. मी पाना घेऊन डिशपाशी, नागपूरकर जिन्याच्या खोलीच्या आडोशाला लॅपटॉप घेऊन. प्रमुख बाई दुसऱ्या टोकाला झिप टाय आवळत होत्या, त्यामुळे आम्ही दोघं बिनदिक्कत मराठीत सुरू झालो. सिग्नलचे आकडे उणे असतात, पण उणे म्हणायला वेळ कुणाला? आकडा जितका लहान तितका सिग्नल चांगला.

“अठ्ठ्याहत्तर. चौऱ्याहत्तर. एकाहत्तर. थांबा ताई, आता सिग्नल कमी होऊन राहिला. त्र्याहत्तर.”

“परत मागे घेऊ?”

“एकाहत्तरच. याच्या खाली नाही येत.”

इथे थांबायचा मोह होतो, कारण जोडणी झालेली असते, दिवे लागलेले असतात. पण अंतरावरून काढलेला हिशेब सांगत होता की पंचावन्नच्या आसपास यायला हवं. डिशच्या मुख्य झोताच्या दोन्ही बाजूंना छोटे, दुबळे झोत असतात. आपण त्यातल्याच एखाद्यात अडकलो तर वाटतं की हेच शिखर. तिथून उतरायचं धाडस करावं लागतं. मी डिश डावीकडे फिरवत राहिले. आकडा ऐंशीच्या पुढे गेला, दुवा तुटला, पुन्हा लागला. मग एकदम सत्तर, चौसष्ट, साठ. पर्ल स्ट्रीट आमच्यापेक्षा खूप उंच, म्हणून तोंड किंचित वर केलं. “अठ्ठावन्न, सत्तावन्न, छप्पन्न! हात नका लावू ताई, छप्पन्न आहे!” दर तीन अंकांना ताकद दुप्पट होते. एकाहत्तर ते छप्पन्न म्हणजे पाच वेळा दुप्पट, बत्तीस पट. नट आवळताना आकडा हलतो, म्हणून तो थोडाथोडा, आळीपाळीने आवळला.

लहरींची वाहिनी निवडतानाही या शहराचं भान ठेवावं लागतं. 5 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातल्या काही भागावर हवामान रडारचा पहिला हक्क असतो. केनेडी विमानतळासाठी वाऱ्यातले धोके टिपणारं असं एक रडार ब्रुकलिनच्या दक्षिण टोकाला आहे. त्याची चाहूल लागली की आपल्या उपकरणाने वाहिनी सोडून गप्प दुसरीकडे जायचं, असा नियम आहे. विमानं उतरवणाऱ्यांना वाट देणं योग्यच आहे.

मी डोंबिवलीत वाढले. 1991च्या आखाती युद्धाच्या सुमारास आमच्याकडे केबलवाला आला. या गच्चीवरून त्या गच्चीवर, नारळाच्या झाडाला वळसा घालून काळी वायर न्यायचा. कामाची धडपड तीच, सामान जवळजवळ तेच. पण ते जाळं त्याचं होतं, आम्ही गिऱ्हाईक. इथला करार वेगळा आहे. स्पेनच्या कॅटलोनियात 2004मध्ये ‘गिफी’ नावाचं गावोगावचं जाळं सुरू झालं. तिथल्याच धर्तीवर इथेही, जो जोडला जाईल त्याने त्याच अटींवर पुढच्यालाही जोडू द्यायचं, हे मान्य करावं लागतं. महिन्याचे पैसे ऐच्छिक देणगी म्हणून द्यायचे. न देणाऱ्याची वायर कुणी कापत नाही. तुमच्या गच्चीवरून अनोळखी माणसाच्या मुलीचा वर्ग, कुणाचं डॉक्टरशी बोलणं, कुणाची नोकरीची मुलाखत जात असते, आणि तुमचं त्यांच्या गच्चीवरून जात असतं. त्यासाठी कुणी कुणाकडे अर्ज केलेला नसतो. गावात वहिवाटीची पायवाट दुसऱ्याच्या शेताच्या बांधावरून जाते आणि कुणी अडवत नाही, तसंच हे. मला या कामात धरून ठेवलं आहे ते यानेच.

संध्याकाळी आजींच्या घरात वेग तपासला, नातवाने लगेच वर्गाचा व्हिडिओ लावून पाहिला. चौथ्या आणि पाचव्या मजल्यावरच्या दोन घरांनी दारातच नावं दिली. त्यांच्या वायरी ओम्नीटिकच्या मोकळ्या तोंडांना लागतील, पुन्हा डिश नको. आम्ही गच्चीचे नवे फोटो काढले, डब्यावर नोड क्रमांकाची चिकटपट्टी लावली, कापलेल्या वायरीचे तुकडे वेचले.

किल्ली परत करायला गेलो तर सुपर दारात वाट पाहत होते. समोरच्या फुटपाथवरच्या पाच मजली इमारतीची देखभालही त्यांच्याचकडे आहे. तिथून पर्ल स्ट्रीट दिसणार नाही, कन्फ्यूशियस प्लाझा पूर्ण आड येतो, हे त्यांनी स्वतःच आम्हाला सांगितलं. पण आमची नवी ओम्नीटिक दिसेल का, असं त्यांनी विचारलं. नागपूरकराने रस्त्यावरूनच मान वर करून अंदाज घेतला. पूर्वेकडच्या कठड्याशी असल्यामुळे दिसायला हवी. सुपरनी खिशातून दुसरा जुडगा काढला. उजेड अजून होता, म्हणून फोटो काढायला आम्ही लगेच त्यांच्या मागोमाग रस्ता ओलांडला.