साबरमतीकाठचा रविवार

बडोद्याहून पहाटेच्या गाडीने निघाले, की शंभरएक किलोमीटरचा प्रवास उरकून उन्हे चढण्यापूर्वी अहमदाबाद गाठता येते. १८९२ सालच्या एलिस पुलालगत, साबरमतीच्या पूर्वकाठी दर रविवारी भरणारा गुजरी बाजार हा आमचा जुना षौक. सुलतान अहमदशाहाच्या काळापासून तो भरत आला आहे, असे सांगतात. पितळी भांडी, गंजकी हत्यारे, पाने सुटलेली पुस्तके, आणि त्यांतच कुठेतरी चादरीवर मांडलेले कॅमेरे. या खेपेस मात्र आम्ही केवळ षौकाखातर गेलो नव्हतो. पुतणी छायाचित्रण शिकते. तिला हाताने चालवायचा, फिल्मचा कॅमेरा हवा होता.

पहिला कॅमेरा आम्हीच तिला एका दुकानातून घेऊन दिला होता, नुसत्या चकाकीवर भाळून. त्याच आठवड्यात दांडिया बाजारातला आमचा वाडा पाडावयाचा होता. पुतणीने भर उन्हात छत्तीस चित्रे घेतली: चौक, तुळशीवृंदावन, दिंडी दरवाजाशी उभ्या आत्याबाई. फिल्म धुऊन आली तेव्हा प्रत्येक चित्राची एक बाजू काळी! शटरला दोन पडदे असतात. पहिला उघडत जातो, दुसरा झाकीत येतो. जलद वेगावर दुसऱ्याने पहिल्यास वाटेतच गाठले, की तेवढा भाग अंधारात राहतो. हे ज्ञान आम्हांस झाले तेव्हा वाडा उरला नव्हता.

म्हणून यंदा घाई केली नाही. विक्रेत्याने प्रथम निकॉन एफएम२ पुढे केला. सेकंदाचा चार हजारावा भाग टिपणारे ते देखणे यंत्र पाहून आमचा हात खिशाकडे गेलाच होता.

"काका, कॅमेरा एकदाच घ्यायचा, फिल्म दर वेळी घ्यावी लागते," पुतणी हळूच म्हणाली.

तिने उचलला तो पेंटॅक्स के१०००. १९७६ ते १९९७ या काळात निघालेला, दिसावयास अगदी साधा. आपले आपण छायाचित्र काढून घेण्याची कळही त्यात नाही. बॅटरी फक्त प्रकाशमापकाच्या काट्यास लागते. ती संपली तरी शटर चालते. शिकणाऱ्यास आणखी काय हवे? पाठीमागचे झाकण उघडून, मोकळ्या आकाशाकडे धरून तिने एकेक वेग चालवून पाहिला. हजाराव्या भागावरही चौकट कडेपर्यंत उजळली. भिंगात बुरशी नव्हती. झाकणाच्या खाचेतला स्पंज तेवढा डांबरासारखा चिकट झाला होता. तो नवा बसविता येतो. त्याच्या नावावर आम्ही पाचशे रुपये कमी करून घेतले, हे सांगितल्यावाचून राहवत नाही.

निघता निघता चादरीच्या कोपऱ्यात एक ओळखीचा काळा डबा दिसला. आगफा क्लिक थ्री, बडोद्यातच तयार झालेला! एका रोलवर बारा चौकोनी चित्रे. आमच्या मुंजीची चित्रे असल्याच कॅमेऱ्याने काढलेली. शिकावयास तो अपुरा, कारण त्यात वेग बदलता येत नाही. तरी आम्ही तो हातात घेऊन बराच वेळ उभे होतो.

दुसऱ्याच दिवशी पुतणी आम्हांस दांडिया बाजारात घेऊन गेली. वाड्याच्या जागी आता पाच मजली इमारत आहे. "दिंडी दरवाजा नेमका कुठे होता?" तिने विचारले. कोपऱ्यावरच्या विजेच्या खांबापासून आम्ही पावले मोजीत गेलो. अकराव्या पावलाशी थांबलो, आणि तिने काटा पाहून भिंग फिरविले.