गृहीतांचे पान

फाइलीतील टिपणीला खरा वाचक भेटतो तो लिहिणाऱ्याची बदली झाल्यावर. नव्या माणसाला निर्णय समोर दिसतो. तो कशाच्या आधारे घेतला, हे टिपणीत नसेल तर विचारायला कोणी उरलेले नसते. विद्यार्थ्यांच्या प्रकल्प-अहवालाचेही तसेच आहे.

परवा शेजारच्या मराठी कुटुंबातील अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने आपला अंतिम अहवाल भाषा तपासण्यासाठी आणून दिला. चौघांनी मिळून पादचारी पुलाचा आराखडा केला होता. उद्दिष्टे, पर्यायांची तुलना, आकृत्या, आभार, सारे होते. पुलाचे स्वतःचे वजन किती धरले, तेवढे कोठे नव्हते.

“गाळा मागाहून वाढवला, काका. वजन जुनंच राहिलं. ते पान ठेवलं तर परीक्षक गुण कापतील.”

मी त्याला कॅनडातील क्वेबेकच्या पुलाची हकीकत सांगितली. तेथेही मधला गाळा १६०० फुटांवरून १८०० फुटांवर नेला, पण वजनाचा अंदाज वेळीच सुधारला नाही. २९ ऑगस्ट १९०७ रोजी बांधकाम चालू असतानाच पूल कोसळला. ७५ कामगार प्राणांस मुकले. चौकशी आयोगाने खालच्या दाबपट्ट्यांच्या रचनेत दोष दाखविला आणि तो न सुधारलेला अंदाज ही गंभीर चूक ठरविली.

“वजन पुन्हा मोज,” मी म्हटले, “आणि तेवढी सवड नसेल, तर आकडा जुना आहे, असे स्पष्ट लिही.”

गुण कदाचित कापले जातील. परंतु गृहीत लिहून ठेवले, तरच ते पुन्हा तपासण्याची बुद्धी कोणाला तरी होते. पान काढल्याने चूक मिटत नाही. ती शोधण्याची वाट तेवढी बुजते.