गेंड्याला चाकं

१८०३ च्या ऑगस्टमध्ये वेलस्लीच्या फौजेनं नगरची पेठ घेतली. इंग्रजांच्या छावणीत तेव्हा गोखले नावाचा एक मराठा सरदार होता. ही माणसं अजबच, असं त्यानं पुण्याला कळवलं : सकाळी आली, तटावर चढली, आतली शिबंदी कापून काढली आणि न्याहारीला माघारी गेली. चार दिवसांनी किल्लाही पडला. किल्ल्याजवळच्या एका चिंचेखाली वेलस्ली जेवला असं सांगतात, आणि त्या चिंचेभोवती पुढे तोफा मांडल्या गेल्या. मला मात्र ती न्याहारीच खटकत राहते. इतकी माणसं मारून आल्यावर घास उतरतो कसा?

लढाईच्या जागा बघायला मला फारसं आवडत नाही. भुईकोट पाहून लोक चांदबिबी महालाकडे वळतात (तो महाल नव्हे, सलाबतखानाची कबर, पण सांगून उपयोग नाही). मी श्रीरामपूरकडे निघतो.

प्रवरेच्या डाव्या काठावर दायमाबाद आहे. गाव कधीच उठलेलं, उरली ती पांढरीची टेकाडं आणि चहूबाजूंनी ऊस. १९७४ साली इथल्या एका भिल्ल शेतकऱ्याला झाडाचं खोड खणताना चार ब्राँझच्या वस्तू सापडल्या : हत्ती, रेडा, गेंडा आणि बैल जुंपलेला रथ. चारही भरीव ओतीव, मिळून साठ किलोंच्या वर. हत्तीची चाकं हरवली आहेत, नुसती आसाची भोकं राहिली. रथात एक माणूस उभा आहे, हातात काठी, आणि पुढे दांडीवर चक्क कुत्रा. रथ ओतणाऱ्याला कुत्र्याशिवाय काम पुरं झालंसं वाटेना, याचं मला फार कौतुक वाटतं. आमच्याकडची बैलगाडी निघाली की कुत्रं आजही तिच्याबरोबर निघतंच.

पण गेंडा? प्रवरेकाठी गेंडा कुणी पाहिला होता? पाहिला असेल, किंवा सिंधूकडून आलेल्या कुणी वर्णन करून सांगितला असेल. वस्तू उत्तर हडप्पाकाळातल्या म्हणावं, तर धातूतल्या आर्सेनिकवरून काहींनी त्या बऱ्याच अलीकडच्या ठरवल्या. पंडितांचं भांडण चालू द्यावं. गेंड्याच्या पायांखाली आडव्या दांड्या आणि चाकं बसवणाऱ्याला तो ओढत न्यायचा होता, एवढं नक्की. मिरवणुकीत? की घरातल्या पोराच्या हट्टापायी? इतकं जड खेळणं पोराच्यानं हलणार नाही म्हणा.

पोरांचं निघालं म्हणून सांगतो. इथल्या जोर्वे काळातल्या घरांत मेलेलं तान्हं मूल दोन मडक्यांत ठेवत, मडक्यांची तोंडं एकमेकांना जोडत आणि घराच्या जमिनीतच पुरत. वर तीच चूल, तोच वावर. त्या काळच्या खापरावर टिचकी मारली तर धातूसारखं खणकतं. लाल अंग, वर काळी नक्षी. टेकाडावर असलं एक खापर हातात घेऊन पाहिलं आणि जिथलं तिथं ठेवलं. शेजारी शेळ्या चरत होत्या, शेळ्यांमागचा म्हातारा विचारत होता, ‘पाव्हणं, सर्व्हेवालं का?’

इथनं नदीच्या काठानं खाली गेलं की नेवासे. तिथल्या पैस खांबाला टेकून ज्ञानेश्वरी सांगितली गेली. त्याही खाली टोक्याला प्रवरा गोदेला मिळते. सिद्धेश्वराचं देऊळ तिथंच, नगर-संभाजीनगर रस्त्याला खेटून. पण त्या पुलावर गाड्या अशा सुटलेल्या असतात, की वळायचं ठरवेपर्यंत देऊळ मागे पडलेलं असतं.