कात्रजहून बाबांना

कात्रज, शुक्रवार

ती. बाबांस सा. न.

सुखरूप पोचलो. आत्याकडे सगळे मजेत. गच्चीतून घाट दिसतो, पण गाडीची शिट्टी कुठली ऐकू यायला! मिरजेची लाइन पूर्वेकडून, फुरसुंगी-आळंदीवरून शिंदवणे घाटात शिरते. कात्रजच्या वाट्याला सातारा रस्ता आणि बोगदा. पेशवे पार्कातले प्राणी इथल्या प्राणिसंग्रहालयात आले, पण १९५६ पासूनची फुलराणी, ती मुलांची छोटी रेल्वे, तिकडेच राहिली.

आणि अशा या कात्रजमध्ये आत्याच्या वरच्या मजल्यावरचे काका कपाटभर रेल्वेगाड्या बाळगून आहेत! बहुतेक जर्मन, मूळ खोक्यांसकट जपलेल्या. खोकं गेलं की किंमत उतरते म्हणे. मला मात्र त्यांच्या रुळांवर धावणाऱ्या गाड्याच जास्त आवडल्या.

रविवार रात्र

आज काकांबरोबर कर्वे रस्त्यावरचं जोशींचं मिनिएचर रेल्वे म्युझियम पाहिलं. भाऊसाहेब जोशींच्या छंदातून उभं राहिलेलं हे छोटं शहर १९९८ च्या एप्रिलमध्ये लोकांसाठी खुलं झालं. उड्डाणपूल, सर्कस, पोहण्याचा तलाव, ड्राइव्ह-इन थिएटर आणि या सगळ्यातून पळणाऱ्या गाड्या. खोलीतले दिवे मालवले आणि गावातले दिवे लागले, तेव्हा पोरांच्या आधी आजोबा मंडळीच कठड्याशी पुढे सरकली. बाबा, तुम्ही असायला हवे होतात.

मंगळवार

काल काकांनी एक इंजिन उलटं करून माझ्या हातात दिलं. वीज रुळांतूनच येते. चाकं ती उचलून आतल्या मोटरला देतात. रुळावर जरा कळकट थर बसला तरी गाडी अडखळते, म्हणून काका आधी स्पिरिटच्या फडक्याने रूळ पुसून घेतात. रुळांमधलं अंतर १६.५ मिलिमीटर, गाडी खऱ्याच्या सत्त्याऐंशीपट लहान. हे माप युरोपातल्या रुळांना चपखल बसतं. आपलं ब्रॉडगेज त्याहून रुंद, त्याला १९ मिलिमीटरच्या वर रूळ लागतील. म्हणून आपली इंजिनं त्या रुळांवर ठेवली की पाय आखडल्यासारखी दिसतात.

मग मी आपल्या बार्शी लाइट रेल्वेचं विचारलं. अडीच फुटांचा गेज म्हणजे ७६२ मिलिमीटर. सत्त्याऐंशीने भागले तर पावणेनऊच्या आसपास. आणि ९ मिलिमीटरचे रूळ बाजारात तयार मिळतात! काका लगेच कागद-पेन्सिल घेऊन बसले. कॅल्थ्रॉपसाहेबाने १८९७ मध्ये कुर्डुवाडीहून बार्शीला आणलेली गाडी आता कुठल्याच रुळावर धावत नाही, सगळीकडे ब्रॉडगेज झालं. जर्मनीतल्या खेड्यातलं स्टेशन पुण्यात जपलं जातं, तर आपलं का नको? ज्यांनी त्या गाडीत बसून प्रवास केला, ती माणसं आहेत तोवरच हे व्हायला हवं. नुसत्या फोटोवरून डब्याच्या आतलं कसं कळणार?

तेव्हा एवढं करा. माळ्यावरच्या ट्रंकेतले स्टेशनचे फोटो काढून ठेवा. बाकं आडवी होती की उभी, खिडक्यांना गज होते का, रंग कोणता होता, आठवेल तसं लिहा. कुर्डुवाडीचे तुमचे मित्र वर्कशॉपमध्ये होते ना, त्यांनाही विचारा. काका म्हणतात, आधी एकच डबा करू, पुठ्ठ्याचा. मी शनिवारच्या गाडीने निघतो. फोटो न्यायला काका पुढच्या महिन्यात स्वतः बार्शीला येणार आहेत. आईला सांगून ठेवा.

आपला,
सुहास