एकाचा फरक

हिशेबखात्यात नोकरी करणाऱ्या माणसाला लाखाच्या चुकीचे भय वाटत नाही. भय वाटते ते एका रुपयाच्या फरकाचे. लाखाची चूक चटकन डोळ्यांत भरते. एक रुपया मात्र रकान्यारकान्यांतून लपंडाव खेळत राहतो. गेल्या मार्चअखेरीस तंजावरच्या आमच्या कचेरीत असाच एक रुपया जुळेना. तीन संध्याकाळी आम्ही त्याच्या शोधात घालविल्या. चौथ्या दिवशी तो सापडला, आणि तोही आमच्याच हस्ताक्षरात! साहेब एवढेच म्हणाले, "गणिताचे पदवीधर ना तुम्ही?" प्रश्न साधा होता, पण वर्मी लागला. एम.एस्सी.चा मनोरथ घरच्या ओढगस्तीपुढे सोडून आम्ही ही चाकरी पत्करली होती, हे त्यांना ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

पुढच्या सुटीला मन रमेना, म्हणून आगगाडीने कुंभकोणमला गेलो. सारंगपाणीच्या देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर श्रीनिवास रामानुजन यांचे लहानसे कौलारू घर जपून ठेवले आहे. त्या घरासमोर उभे असता आठवले, की १९१२ साली हा थोर पुरुषही मद्रासच्या पोर्ट ट्रस्टमध्ये हिशेबाचा कारकूनच होता. पगार दरमहा ३० रुपये. १९२० साली, वयाच्या ३२ व्या वर्षी ते निवर्तले. आम्ही तर पस्तिशी गाठली आहे!

हार्डीसाहेबांच्या टॅक्सीचा १७२९ हा आकडा वाचकांच्या परिचयाचा असेलच. दोन घनांची बेरीज म्हणून दोन निरनिराळ्या रीतींनी मांडता येणारी ती सर्वांत लहान संख्या. पण तिची दुसरी बाजू आम्हां कारकुनांच्या जिव्हाळ्याची आहे. दोन पूर्ण संख्यांच्या घनांची बेरीज कधीही तिसऱ्या संख्येचा घन होत नाही, असा नियम आहे. आता ९ चा घन ७२९ आणि १० चा १०००, बेरीज १७२९. १२ चा घन मात्र १७२८. एकाचा फरक! आमच्या कचेरीत यावर 'फेरतपासणी करावी' असा शेरा पडला असता. रामानुजन यांनी त्या एकाला चूक मानले नाही. असे एकाने हुकणारे आणखी किती, याचाच त्यांनी शोध घेतला. १९८८ साली छापून निघालेल्या त्यांच्या 'हरवलेल्या वही'च्या ग्रंथात अशा संख्यांची न संपणारी मालिकाच सांगितलेली आहे.

तिच्यातील एक उदाहरण त्या रात्री आम्ही हाताने करून पाहिले. ११,१६१ आणि ११,४६८ यांच्या घनांची बेरीज २८,९८,५१,६८,६१,५१३ आली. तेरा अंकांची ही संख्या! मग १४,२५८ चा घन काढला. शेवटचा अंक तेवढा २ आला. बाकीचे बाराही अंक तेच. कित्येक वर्षांत इतका आनंद झाला नव्हता. अंकांच्या बेरजेने निःशेष भागल्या जाणाऱ्या संख्यांना नाशिकजवळच्या देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर यांनी 'हर्षद' असे नाव ठेविले आहे. १७२९ ही त्यांतलीच. तिच्या अंकांची बेरीज १९, आणि १९ ला ९१ ने गुणले की पुन्हा १७२९. कावेरीकाठच्या संख्येला आपल्या मुलखातील मास्तरांनी दिलेले हे नाव किती शोभते, ते त्या रात्री उमगले.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच कचेरी, तेच रकाने. एक रुपया चुकला तर तो आजही आम्ही शोधूच. सरकारी पैसा आहे तो. पण आकडेमोडीचा तो कागद आमच्या टेबलाच्या खणात आहे. साहेबांच्या प्रश्नाला त्या दिवशी आम्ही उत्तर दिले नाही. आज विचारतील तर सांगू, "होय साहेब, अजून आहोत."