विळ्यांची गाडी

वसुबारसेच्या पहाटे अप्पा जीपचं हँडल मारायला घेत, तेव्हा गोठ्यातल्या गाईवासरांपासून पलीकडच्या आळीतल्या कोंबड्यांपर्यंत सगळं गाव जागं होई. पहिल्या दोन फेऱ्यांना नुसती घरघर, तिसरीला खोकला, चौथीला मागच्या नळीतून निळसर धुराचा एक भपका, आणि मग अप्पांनी उपरण्यानं कपाळ पुसून खंडोबाचं नाव घेतलं की पाचवीला ती अशी काही धडधडायला लागे, की ओसरीच्या फळीवरची पितळी डबी नाचायची आणि ओल्या सड्यावरची रांगोळी भुरभुरायची. उटण्याच्या, शेणाच्या आणि आदल्या रात्री तळलेल्या करंज्यांच्या वासात पेट्रोलचा तो गोडसर, डोक्यात जाणारा वास मिसळून जो दरवळ उठायचा, त्यालाच माझं नाक अजून दिवाळी समजतं. आतून आजी, जिला आम्ही सगळे मायच म्हणत असू, चुलीपुढूनच म्हणे, "उठली बाई एकदाची विळ्यांची गाडी."

या नावाचं श्रेय माझं. जीपच्या बॉनेटच्या दोन्ही कुशींवर पत्र्यातच ठसवलेली सहा इंग्रजी अक्षरं होती. मी नुकताच पाचवीत गेलेलो, इंग्रजी सुरू होऊन चार महिने झालेले, आणि त्या चार महिन्यांच्या भांडवलावर मी साऱ्या गल्लीदेखत ती अक्षरं बोटानं चाचपत वाचली होती: "विळीस!" मायनं हातातल्या विळीकडे पाहिलं, जीपकडे पाहिलं, आणि हा अमेरिकेतला कुणी विळ्या घडवणारा लोहार असणार, त्यालाच पुढं बरे दिवस आले असणार, असा निकाल देऊन टाकला. मीही विद्वानाच्या गांभीर्यानं मान डोलावली. विलीज हे माणसाचं आडनाव आहे हे कळायला मला आणखी तीन वर्षं लागली, आणि तोवर पंचक्रोशीत नाव रुळून गेलं होतं.

आमचं गाव सेलू तालुक्यात, दुधनेच्या काठी. जमीन अशी काळीभोर की परतीचा पाऊस झाला की चप्पल पायात राहत नाही आणि चाक रस्त्यात. अप्पा माझे थोरले चुलते. त्यांना तीन बहिणी: थोरली जिंतूरकडे, नेमगिरीच्या डोंगराच्या अंगाला दिलेली, मधली पाथरीच्या पलीकडे, आणि धाकटी गंगाखेडला, जनाबाईच्या गावात, गंगेच्या काठी, कारण आमच्याकडे गोदावरीला कुणी गोदावरी म्हणत नाही. दिवाळीला लेकींना माहेरी आणायला भाऊ जातो, त्याला मुराळी म्हणतात. हा शब्द आता समजावून सांगावा लागतो. तेव्हा तो नुसता कानावर पडला तरी सासरी नांदणाऱ्या बाईचे हात जात्यावर थबकत. जीप येण्याआधी अप्पा दमणी जुंपून निघत, आणि तिन्ही बहिणी गोळा करता करता भाऊबीज तोंडावर येऊन ठेपलेली असे.

जीप आली ती लिलावातून. एका सरकारी कचेरीच्या आवारात, बाभळीखाली, मोडक्या खुर्च्या आणि गंजलेल्या कपाटांच्या रांगेत ती उभी होती. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या बायामाणसांच्या कामांवरून हिंडून हिंडून दमलेली. अप्पांनी तिला दोन बैलजोड्यांच्या किमतीत सोडवून आणलं. माय म्हणाली, "बैल म्हातारा झाला तर त्याचं शेण तरी मिळतं." पण तिनंच दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि सुनेच्या पायांवर घालावं तसं तांब्याभर पाणी पुढच्या दोन्ही चाकांवर घातलं.

मायनं पहिली जीप पाहिली होती ती १९४८च्या सप्टेंबरात, पोलिस अॅक्शनच्या त्या पाच दिवसांत. रझाकारांच्या धास्तीनं कडब्याच्या गंजीआड बसलेल्या बायकांना दूरवर धुळीचा लोट दिसला, आणि त्यातून हिरव्या, बुटक्या, पत्र्याच्या गाड्या बाहेर पडल्या. निजामी संपल्याचं तिला कुणी सांगितलं नाही, ते तिला त्या धुळीवरून कळलं. गंमत अशी की या जीपचं आणि निजामाच्या राज्याचं एक जुनं नातं होतं, जे मला फार उशिरा पुस्तकात सापडलं. महिंद्र बंधूंनी १९४५मध्ये कंपनी काढली तेव्हा तिच्या नावातला दुसरा 'एम' होता मोहम्मद. हे गुलाम मोहम्मद निजामाचे अर्थमंत्री राहिलेले. फाळणीनंतर ते पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले, पुढं गव्हर्नर जनरलही झाले. आणि इकडे १९४८मध्ये मोहम्मदच्या जागी दुसरा महिंद्र लागला. म्हणजे देश वाटला गेला तशी आमच्या जीपची पाटीही वाटली गेली होती.

जीपच्या सीटखाली तेलानं माखलेलं, कोपरे उंदरांनी खाल्लेलं एक इंग्रजी पुस्तक होतं. त्याच्या पहिल्या पानावर छापलं होतं: टोलेडो, ओहायो. आठवीत गेल्यावर शब्दकोश मांडीवर घेऊन मी ते पुस्तक अभ्यासाला लावलं, आणि एका निळ्या आंतरराष्ट्रीय पत्रावर माझ्या आयुष्यातलं पहिलं इंग्रजी पत्र लिहिलं. 'आदरणीय विलीज साहेब, आपली मोटार आमच्याकडे सुखरूप आहे. तिचा हॉर्न तेवढा नाही. कृपया एक पाठवावा.' हॉर्न नव्हता म्हणून त्याचं काम माझ्याकडे होतं. मी जीपचा किन्नर, बाजूच्या पायरीवर लोंबकळत "बाजूऽऽ, बाजूऽऽ" असा गळा काढत जायचो, आणि आवाज फुटायच्या वयात त्या हॉर्नमधून दोन-दोन सूर निघू लागले होते. उत्तराची वाट मी दोन वर्षं पाहिली. जॉन विलीज १९३५ सालीच वारले होते. त्यांनी जीप डोळ्यांनी पाहिलीसुद्धा नव्हती.

जीपची कथा त्यांच्यामागं पाच वर्षांनी सुरू होते. १९४०मध्ये अमेरिकी लष्कराला एक हलकी, कुठंही जाणारी गाडी हवी होती, तीही इतक्या घाईनं की १३५ कारखान्यांना विचारलं तर धड पुढं आले दोनच. त्यातल्या बँटम नावाच्या छोट्या कारखान्यानं कार्ल प्रॉब्स्ट या इंजिनियराच्या हातून ४९ दिवसांत नमुना उभा केला. पण कारखाना लहान पडला, आणि मोठं कंत्राट गेलं विलीजकडे, कारण त्यांच्या बार्नी रूसनं घडवलेलं साठ घोड्यांचं इंजिन सगळ्यांत तगडं. फोर्डनंही तीच गाडी बनवली, आणि युद्ध संपेपर्यंत सहा लाखांवर जीपा जगभर चिखल तुडवत फिरल्या. शांतता झाल्यावर एवढ्या जीपांचं करायचं काय? तर विलीजनं तिला शेतकऱ्याची गाडी म्हणून पुढं आणलं. नांगर ओढेल, पट्टा लावला तर यंत्र फिरवेल, रविवारी चर्चला नेईल. १९४७पासून तिचे सुटे भाग पेट्यांतून मुंबईला येऊ लागले, पुढं माझगावात जोडले जाऊ लागले, आणि १९५२मध्ये समूह विकास योजना सुरू झाली तसं गटविकास अधिकारी म्हणजे जीप, असं समीकरण खेड्याखेड्यांत बसलं. आमची त्यातलीच, पण नंतरच्या घाटाची. नव्या इंजिनाच्या काही झडपा वरच्या अंगाला गेल्यानं बॉनेट उंच करावं लागलेली. गंगाखेडची आत्या म्हणायची, "कपाळ मोठं आहे हिचं, दैवाची आहे."

तर वसुबारसेला आम्ही निघायचो. पाय ठेवायच्या जागी दुरड्या, करंज्यांचे डबे, मागं ताडपत्रीखाली ज्वारीचं पोतं. दुधनेच्या पात्रात शिरताना अप्पा गुडघ्याजवळचा लहान लिव्हर पुढं ढकलत आणि "फोर व्हील" हे दोन शब्द मंत्रासारखे पुटपुटत. पाणी फळीखालून चुळचुळत वर यायचं, पायांना गार लागायचं, तापल्या नळीवर चर्रकन आवाज होऊन वाफ उठायची, आणि पलीकडच्या काठावर चढलो की तुरीच्या पिवळ्या फुलांमधून, वेचणीला आलेल्या कापसाच्या पांढऱ्या शेतांमधून रस्ता असा जायचा की तो रस्ता आहे हे अप्पांनाच ठाऊक. जिंतूरच्या चढावर म्हातारं रेडिएटर सुस्कारे टाकू लागे. ओलं पोतं हातावर गुंडाळून त्याचं झाकण उघडायचा मान माझा, आणि एकदा घाईत नुसत्या हातानं उघडलं त्याची खूण मनगटावर अजून आहे.

म्हणूनच की काय, तिन्ही आत्यांच्या दारी एक रीत पडून गेली. जीप थांबली की आत्या दोन भांडी घेऊन बाहेर यायची: तांब्या भावासाठी, बादली जीपसाठी. अप्पा पाय धुवायचे, चूळ भरायचे, आणि तेवढ्यात आत्या स्वतःच्या हातानं, पदर खोचून, जीपच्या तोंडात पाणी ओतायची. ती गटागट पिऊ लागली की आत्या तिच्याशी बोलायची, सासूला ऐकू जाणार नाही इतक्या हळू. पाथरीच्या आत्याची सासू फार कडक. "पाठवते परवा" म्हणाली की आत्याचा चेहरा पडे. पण जीप दारात धडधडत ठेवली की अर्धी आळी गोळा होई, आणि एवढ्या लोकांसमोर नाही म्हणणं त्या माउलीला जड जाई. इंजिन बंद करायचं नाही, हे अप्पांचं धोरण होतं. आम्हाला वाटायचं, पुन्हा हँडल मारायला नको म्हणून.

जीप बिघडली की सेलूच्या मिस्त्रीकडे. गॅरेज म्हणजे लिंबाखालचा एक खड्डा. ग्रीस, जळका रबर आणि उकळत्या चहाचा तिथला वास माझ्या शाळेच्या गणवेशाला धुतल्यावरही यायचा. मिस्त्री बॉनेटमध्ये डोकं घालायचे, प्लग कानशीवर घासायचे, आणि बाहेर येऊन ठरलेलं वाक्य बोलायचे: "देखो अप्पा, बनी तो बनी, नहीं तो परभणी." जगात ही म्हण नशिबाबद्दल आहे; आमच्या लेखी तो सरळ पत्ता होता, कारण सेलूला नाही जमलं तर परभणीच्या स्टेशनजवळच्या मोठ्या मिस्त्रीकडेच जावं लागे. पेट्रोल महागल्यावर अप्पांनी चालू करायला पेट्रोल आणि पळवायला रॉकेल असा घरगुती उपाय काढला; मिस्त्रींनी कपाळाला हात लावला आणि म्हणाले, "जानवर को भी इतना नहीं सताते." नंतर त्यांनीच तिच्या पोटात एका ट्रॅक्टरचं जुनं डिझेल इंजिन बसवून दिलं. जीपचा आवाज त्या दिवशी फुटला, माझा फुटला होता तसाच, आणि पुन्हा कधी पूर्वीसारखा झाला नाही.

अशा किती खेपा सांगाव्या. निवडणुकीत तिच्यावर भोंगा चढला, उन्हाळ्यात वऱ्हाड चढलं, आणि एका श्रावणातल्या रात्री काकूला परभणीच्या दवाखान्यात नेताना मानवत रोडच्या पुढं, ताडपत्रीवर पाऊस ताशे वाजवत असताना, माझा चुलतभाऊ तिच्यातच जन्मला. कागदावर त्याचं नाव चांगलं भारदस्त आहे, पण गाव त्याला जीप्याच म्हणतं.

मग रस्ते झाले. काळ्या-पिवळ्या जीपा धावू लागल्या. चौदा माणसं आत, चार टपावर आणि डायवर स्वतः अर्धा बाहेर. आत्या कुणाची वाट न पाहता हात करून बसू लागल्या, वाटेल तेव्हा माहेरी येऊ लागल्या, वाटेल तेव्हा परत जाऊ लागल्या. मला त्याची हुरहुर वाटायची, तेव्हा जिंतूरची आत्या एकदा फटकन म्हणाली, "तुला गंमत वाटते रे. आठ-आठ दिस आम्ही वाटंला डोळे लावून बसायचो, ते तू बघितलंस कधी?" मी गप्प झालो. पायरीवर लोंबकळणाऱ्याला फक्त पोचल्यानंतरचा आनंद दिसतो.

आमची जीप लिंबाखाली बसली ती बसलीच. इंजिन नदीकाठच्या पंपावर गेलं, चाकं बैलगाडीला लागली, सीटवर कोंबडी अंडी घालू लागली, आणि बॉनेटचा पत्रा पाण्याच्या हौदावर झाकण म्हणून बसला. ती सहा अक्षरं अजून त्यावर आहेत, उन्हात हात भाजतो.

मधल्या काळात टोलेडोच्या घराण्याचंही बरंच काही झालं. विलीज १९५३मध्ये कैसरनं घेतली, मग १९७०मध्ये अमेरिकन मोटर्सनं, १९८७मध्ये क्रायस्लरनं. विलीज हे आडनाव पुसलं गेलं, उरलं ते जीप. आणि २०१८मध्ये महिंद्रांनी आपल्या या जुन्या वळणाची रॉक्सर नावाची गाडी थेट मिशिगनमध्ये, टोलेडोच्या शेजारच्या राज्यात, बांधून विकायला काढली, तेव्हा जीपवाल्यांनी तिचा तोंडवळा आमचाच आहे म्हणून हरकत घेतली. प्रकरण व्यापार आयोगापुढं गेलं, आणि तिला चेहरा बदलून यावं लागलं. मी ती बातमी वाचली आणि मला मायची आठवण झाली. पेट्यांत बसून सासरी आलेली, सासरचं नाव लावलेली, काळ्या मातीत सत्तर वर्षं राबलेली लेक माहेरच्या दारात उभी राहिली, तर म्हणे, चेहरा आमच्यासारखा का? तिला आणायला मुराळी तर कुणी गेलाच नव्हता. बिचारी आपली आपणच गेली.

गेल्या दिवाळीत जीप्या आणि मी जिंतूरच्या आत्याला आणायला गेलो. अप्पा आता नाहीत, बाकीच्या दोघीही नाहीत. जीप्याची थार काळी, चकचकीत, आतून गारेगार, आणि हॉर्न असा की डोंगरात घुमावा. एक बटण दाबलं की चालू आणि बोलली तर कुजबुजल्यासारखी. आत्या दारात आली. कमरेतून वाकलेली, एका हातात तांब्या, आणि दुसऱ्या हातात, नातवाला नको नको म्हणत स्वतःच उचललेली, अर्धी भरलेली बादली.

"आत्या," जीप्या हसून म्हणाला, "हिला पाणी लागत नाही."

आत्यानं थारच्या तोंडावरून, त्या उभ्या फटींवरून, हात फिरवला. ओळखीचं काही लागलं असावं. मग खाली वाकली आणि बादलीतलं पाणी हळूहळू, अर्धं या अर्धं त्या, तिच्या पुढच्या दोन्ही चाकांवर घातलं.