अॅम्बॅसेडरचं चेंबर

जुनी अॅम्बॅसेडर घेऊन येणारा माणूस निदानही सोबतच आणतो. "चेंबरचं पॅकिंग गेलंय, एवढं बदलून द्या." मी लगेच जॅक लावत नाही. इंजिन डिझेलने धुऊन, वाळवून त्यावर पावडर मारतो आणि गाडी गंगापूर धरणापर्यंत फिरवून आणतो. हे १४८९ सीसीचं इंजिन मूळचं इंग्लंडचं; हिंदुस्तान मोटर्सने ते उत्तरपाड्यात वर्षानुवर्षं बनवलं. त्याच्या कुशीला टॅपेटची दोन झाकणं असतात. तेल बरेचदा तिथून गळतं, वाऱ्याने मागे पसरतं आणि बदनाम होतं तळाचं, तेल साठवणारं चेंबर.

ते उतरवायचंच ठरलं, तर आधी तळातला गाळ बोटांत चोळून पाहायचा. लोहचुंबकाला चिकटेल ती चूर लोखंडाची. न चिकटणारी तांबूस चमक दिसली, तर बेअरिंगचा वरचा थर गेलेला असतो. मग पॅकिंगचा विषय बाजूला ठेवून मालकाशी वेगळंच बोलावं लागतं.

दुसरा रोग पोच्यांचा. गावोगावचे अवाढव्य गतिरोधक आणि थेट चेंबरखाली जॅक लावणारे हात, यांची ही देणगी. पोचा दिसायला किरकोळ, पण पंपाची जाळी तळापासून थोडीच वर लटकत असते. पत्रा वर आला की तिचा श्वास कोंडतो. शिवाय डिपस्टिकला फक्त तेलाची उंची कळते. पोचलेल्या चेंबरात तेल कमी असलं तरी ती भरल्याची खूण दाखवते.

नवं चेंबर शोधत हिंडण्यापेक्षा जुना जाड पत्रा दुरुस्त करावा, असं माझं मत. त्यासाठी मी सातपूरच्या कारखान्यांकडे न जाता भांडी बाजाराच्या बाजूला तांबटाकडे जातो. पत्रा न ताणता पोचा कसा काढायचा, हे त्याच्या मोगरीला ठाऊक असतं. भोक असेल तर गॅसवर पितळ भरून घ्यायचं. मग बाहेरून खडू फासून आत रॉकेल ओतायचं. ते तेलाहून कितीतरी पातळ. डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरेपाशीही खडू ओला होतो.

खरं काम मात्र कडेचं. गळती थांबावी म्हणून आधीच्या हातांनी बोल्ट आवळून आवळून प्रत्येक भोकाभोवतीचा पत्रा फुगवलेला असतो, आणि दोन बोल्टांमध्ये फट. चेंबर काचेवर पालथं घातलं की सगळं उघडं पडतं. ती कड ठोकून सपाट केल्याशिवाय कुठलंही पॅकिंग टिकत नाही. कॉर्कचं पॅकिंग कोरड्या हवेत आक्रसतं. कोमट पाण्यात भिजवलं की भोकं पुन्हा जुळतात. टोकांच्या, मेन बेअरिंगच्या टोपीखालच्या कॉर्कपट्ट्या किंचित वर राहिल्या पाहिजेत. सिलिकॉन अगदी पातळ. जास्तीचं आत सुटतं आणि जाळीत जाऊन बसतं. बोल्ट मधून कडेकडे, थोडे थोडे. इंजिन एकदा तापून निवलं की पुन्हा एक हात.

एवढं करूनही मागून थेंब येतोच. क्रँकच्या मागच्या टोकाला सील नाही, आटे कोरलेले आहेत. इंजिन फिरताना ते तेल आत लोटतात, थांबलं की थोडं ओघळतं. ते बाहेर पडावं म्हणून क्लचच्या घराला खाली भोक ठेवलेलं असतं. एका गाडीत कुणीतरी ते एम-सीलने बुजवलं होतं. गळती बंद, पण क्लच तेलात! अशा वेळी भोक टोकरून मोकळं करायचं, क्लच प्लेट बदलायची आणि गाडी उभी राहते तिथे एक जुना ट्रे सरकवायचा.